सतरा नंबरची दोन मिनिटं

ताई,

तुझा लॅपटॉप मी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी उघडला. सेलूच्या घरातल्या वस्तूंची यादी करत होते. कपाट, भांडी, शिलाई मशीन, गॅसचं पुस्तक एवढं झालं होतं. पुढची ओळ लॅपटॉपची होती. चालतो की नाही, एवढंच पाहायचं होतं. झाकण उचललं आणि तो बोलायला लागला, तर मला एक शब्द कळेना. पत्र्यावर बोरं सांडावीत तसा नुसता खडखडाट. मला वाटलं, बिघडला.

मग लक्षात आलं, हा तुझा वेग. पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो आवाज तू एवढ्या वेगानं ऐकत होतीस. दर रविवारी मी शेजारी खुर्ची ओढली की तू आधी दोन कळा दाबायचीस आणि म्हणायचीस, "थांब, तुह्यासाठी याले हळू करतो." मी ते वाक्य दोन वर्षं ऐकलं आणि एकदाही त्याचा अर्थ लावला नाही. उलट मी समजत होते की तुला सगळं सावकाश, दोन-दोनदा समजावून सांगावं लागतं.

तुझ्या शाळेतल्या शिक्षिका म्हणाल्या, बाईंवर काहीतरी लिहून द्या. जन्म, नोकरी, बदल्या हे त्यांनी आधीच लिहून ठेवलंय, आणि नीट लिहिलंय. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला दुसरं काही सांगायचं आहे आणि ते तुलाच सांगायला हवं. तू गेलीस तरी.

जुना लॅपटॉप गेल्या दिवाळीच्या आधी बंद पडला. तेव्हा तुझं काम ऐन रंगात होतं. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. ती गाणी आता पोरींना येत नाहीत आणि ज्या म्हाताऱ्यांना येतात त्या एकेक करून जात आहेत, म्हणून तू आजूबाजूच्या गावांत जाऊन रेकॉर्ड करत होतीस. काचबिंदूनं डोळे पुरते गेल्यावरही तू थांबली नाहीस. शेजारच्या ऑटोवाल्याला सांगून ठेवलेलं असायचं, पिशवीत रेकॉर्डर आणि म्हाताऱ्यांसाठी साखरेचा पुडा. अशी त्रेसष्ट रेकॉर्डिंगं जमली होती. ती ऐकायची, एक ओळ ऐकली की थांबवायची, पाच सेकंद मागे जायचं, पुन्हा ऐकायची आणि टाइप करायची. बावीस गाणी लिहून झाली होती. पुढच्या कोजागिरीपर्यंत सगळी लिहून कॉलनीतल्या बायांना आणि पोरींना शिकवायची, असं तू ठरवलं होतंस. ठरवलं होतंस म्हणजे सगळ्यांना सांगून टाकलं होतंस.

मी नवा लॅपटॉप आणला, जुन्यातल्या फायली त्यात उतरवून घेतल्या. तू एवढंच म्हणालीस, "ढोले सरले फोन लाव बेबी, ते सांगतील कोन्तं प्लेअर टाकाचं ते." ढोले सर म्हणजे वर्ध्याच्या अंध शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक. तुला कीबोर्ड त्यांनीच शिकवला, जुन्या लॅपटॉपवरचं सगळं त्यांनीच बसवून दिलं होतं. मी फोन लावला. त्यांनी एक नाव सांगितलं. मी लिहून घेतलं आणि तुला म्हटलं, आता हे माझ्यावर सोड.

तिथे मी चुकले. पण तेव्हा मला ते कर्तव्य वाटलं. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं अधीक्षकाच्या खुर्चीजवळ किंवा खुर्चीत काढलेली बाई मी. कोणतीही गोष्ट घ्यायची तर पर्याय मांडायचे, रकाने आखायचे, टिक-खुणा करायच्या. मी दोन रविवार घालवले. अकरा प्लेअर उतरवले. मोफत आहे का, मराठी नावं नीट दिसतात का, वेग कमी करता येतो का, पाच सेकंद मागे जाता येतं का, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं का, अंध व्यक्तींसाठी सोयीचा आहे असं बनवणाऱ्यांनी लिहिलंय का. एकाला सगळ्या रकान्यांत टिक मिळाली. दिसायलाही देखणा होता. ढोले सरांचा प्लेअर म्हणजे राखाडी रंगाची एक खिडकी, वर चार शब्द, खाली काहीच नाही. बटणं नाहीत, चित्र नाही. वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसावा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, जुनाट.

हे सगळे अकरा मी स्वतः तपासले. माउस हातात धरून, चष्मा पुसून.

तू एकदाच अडवलंस. म्हणालीस, सर तर तेच वापरतात. मी म्हटलं, त्यांना काय माहीत नवं काय काय आलंय, मी अकरा तपासलेत. तू विचारलंस, "तपासले म्हंजे, आइकून तपासले?"

"ताई, मी टेबल केलंय," मी म्हटलं.

तू हसलीस. "टेबल केलं असीन तर मंग झालंच," म्हणालीस. तुझ्या त्या हसण्याला मी होकार धरला. टोमणा होता हे कळायला मला नऊ महिने लागले.

बसवून झाल्यावर मी तुला शिकवायला बसले. टॅबची कळ दाबली की एकेका बटणावर जाता येतं आणि आवाज त्याचं नाव सांगतो, हे मला माहीत होतं. तू टॅब दाबलास. आवाज म्हणाला, बटन. पुन्हा दाबलास. बटन. पुन्हा, बटन. त्या देखण्या बटणांवर चित्रं होती, बाण होते, चाकं होती. पण बनवणाऱ्यानं त्यांना नावंच दिली नव्हती. मी काय केलं? मी मोजून दाखवलं. तिसरं बटण मागे जायचं, पाचवं वेगाचं, सातवं थांबवायचं. "मोज ना ताई, आठ दिवसांत पाठ होईल," म्हटलं. मग नमुना म्हणून सतरा नंबरचं रेकॉर्डिंग लावलं, दोनेक मिनिटं चालवलं, मागेपुढे करून दाखवलं. बोट माझं होतं, माउसवर. ते चाललं म्हणजे तुला आलं, असं मी धरलं.

सतरा नंबर. तुझ्याकडे त्याचं नाव 'सोनाबाई खोकली' असं होतं. तुझ्या सगळ्या फायलींची नावं तशीच. 'कोंबडा मधातच', 'मोटारपंप', 'दोघी भांडल्या', 'सून रागावली'. ऐकताना जे कानाला पहिलं लागलं ते नाव. मला ती अगदीच पोरकट वाटली. त्याच रविवारी मी गावांच्या क्रमानं त्रेसष्टच्या त्रेसष्ट बदलून टाकली, भुला शून्य एक, भुला शून्य दोन अशी, पुढे गावाचं नाव. तू विचारलंस, "मंग माही सोनाबाई कुठं गेली?" मी म्हटलं, सतरा नंबर. आणि यादी छापून, ठळक अक्षरात, तुझ्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवली.

छापलेली यादी, ताई. तुझ्यासाठी. जाताना मी वर हेही सांगून गेले की अडलं तर शेजारच्या कोणाकडून वाचून घे.

त्यानंतर दर रविवारी मी यायची. वर्ध्याहून साडेनऊची बस, दुपारी चारची परत. औषधं मोजायची, बिलं पाहायची, फ्रीज पुसायचा. निघताना पिशवी खांद्याला लावता लावता विचारायची, प्लेअर चालतो ना? तू म्हणायचीस, चालते ना. आणि लगेच माझ्या गुडघ्यांचं विचारायचीस, नाहीतर घरामागच्या वांग्यांची पिशवी हातात द्यायचीस. मी बसमध्ये बसून डायरीत टिक करायची.

तर लॅपटॉप उघडला त्या दिवशी मी तो प्लेअरही उघडला. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, हा रकाना मला विशेष आवडला होता, आणि ती सोय खरंच उत्तम आहे. प्रत्येक फायलीपुढे तो लिहून ठेवतो, किती वाजली, शेवटची कधी उघडली. बासष्ट फायलींपुढे काही नव्हतं. सतरा नंबरपुढे दोन मिनिटं अकरा सेकंद. तारीख पाहिली. मी डायरी काढून ताडून पाहिली. तो तुला शिकवलं तोच रविवार होता.

ती दोन मिनिटंही तू लावलेली नव्हतीस. मीच लावली होती.

तुझ्या टायपिंगची फाइल उघडली. तेविसावं गाणं दुसऱ्या ओळीत थांबलं होतं, जुना लॅपटॉप बंद पडला त्याच दिवशी. नऊ महिने तू एक गाणं ऐकलं नाहीस. मला त्या घरात, दुपारच्या वेळी, दहावीच्या वेळचं तुझं ते आठ दिवसांचं वाचन आठवलं. माझी दहावी. परीक्षा तोंडावर आणि माझे डोळे आलेले, पापण्या चिकटलेल्या, उजेड सहन होईना. तू कॉलेज बुडवून माझ्या उशाशी बसलीस आणि इतिहास-भूगोल अख्खा वाचून दाखवलास. मी म्हणायची, पुन्हा. तू तेच वाक्य पुन्हा वाचायचीस. मी म्हणायची, आधीचं वाक्य. तू मागे जायचीस. कितव्यांदा विचारते आहे, हे तू एकदाही म्हणाली नाहीस. आवाज बसला तर मीठ-पाण्याच्या गुळण्या करून यायचीस. तुला माझ्याकडून त्याहून जास्त काही नको होतं. पाच सेकंद मागे जायची एक कळ हवी होती.

दोन दिवसांनी ढोले सरांचा फोन आला. सांत्वनाचं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, गाणी कुठपर्यंत आली होती? मी आधी म्हणणार होते, बरीच झाली. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी खरं सांगितलं. तिला ऐकताच आलं नाही सर, मी लावून दिलेला प्लेअर तिला चालवता येत नव्हता, आणि तिनं मला सांगितलं नाही.

ते म्हणाले, "मले माहीत होतं."

त्यांच्याकडून कळलं ते असं. संक्रांतीच्या सुमाराला तूच त्यांना फोन केला होतास. गाणं सुरू झालं की हा प्लेअर वर आणखी दोन बटणं आणतो, म्हणजे तिसरं पाचवं होतं आणि मोजलेलं सगळं चुकतं, हे तू त्यांना सांगितलंस. हे मला नऊ महिन्यांत कळलं नव्हतं. तुला पहिल्या दिवशीच कळलं असणार. ते म्हणाले, बसनं येतो, दहा मिनिटांचं काम आहे, आपलं जुनं बसवून देतो. तू नको म्हणालीस.

"काऊन नको म्हणे ती?" मी विचारलं. कधी नव्हे ती मी पण आपल्या बोलीत आले.

"म्हणे, बहीण दर आयतवारी येते. तिनं लय जीव लावून केलं हे. आता काढून दुसरं टाकलं तर तिले समजन, अन् ते मनाले लावून घेईन. मी म्हणलं, ताई, मंग गाणे? तर म्हणे, पाहू ना सर, तिले एखाद्या दिवशी सवड असली का मीच सांगतो सावकाश."

ताई, मी तुझ्यावर एवढी चिडले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं बोलले तुला. म्हटलं, मी काय काचेची होते? ऑफिसात मला रोज चार माणसं चूक दाखवतात, मी दुरुस्त करते, पुढे जाते. तू एकदा म्हणायचं होतंस, बेबी, हे काढ. मी अर्ध्या तासात काढलं असतं. तू मला खोटं का सांगितलंस? मला त्रास होऊ नये म्हणून? मग आता जो होतोय त्याचं काय?

पण नंतर मी माझी डायरी चाळली. त्या नऊ महिन्यांच्या एकाही रविवारी मला सवड नव्हती. साडेनऊची बस, चारची बस, मधे अकरा कामं, कधी तेरा. एखाद्या दिवशी सवड असली का सांगतो, म्हणालीस. तो दिवस मी कोणत्याच पानावर ठेवलेला नव्हता. तुला बोलायला जागा नव्हती, आणि मी म्हणते आहे तू सांगितलं नाहीस.

आपलं जे भांडण राहिलं ते हेच. तू असतीस तर म्हणाली असतीस, जाऊ दे वं. मी जाऊ देणार नाही. काही गोष्टींत मला माफी नको आहे. ती तू फार लवकर देतेस.

त्या आठवड्यात मी ढोले सरांचा राखाडी प्लेअर बसवला. या वेळी पडद्यावर टॉवेल टाकला आणि माउस काढून कपाटात ठेवला. आवाज थोडा हळू केला, तुझ्या वेगाला मी अजून पुरी पडत नाही. स्पेस दाबली, गाणं सुरू. पुन्हा दाबली, थांबलं. डावा बाण, पाच सेकंद मागे. वेळ विचारली तर वेळ सांगतो. एवढंच. त्याला दाखवण्यासारखं काही नाही, कारण तो पाहणाऱ्यांसाठी केलेलाच नाही. मला तो पुरता शिकायला वीस मिनिटं लागली. तुला दोन लागली असती.

फायलींची जुनी नावंही परत आणली. बदलताना जुनं नाव आणि नवं नाव अशी जोडयादी मी ठेवली होती. माझ्या सवयीचा या सगळ्यात एवढाच उपयोग झाला. भिंतीवरची यादी काढली. तिच्या मागे रंग निघाला आहे, तो तसाच आहे.

आता मी टाइप करते. रोज ऑफिसातून आल्यावर एक तास. टॉवेल टाकूनच करते. डोळ्यांनी केलं तर लवकर होईल, पण लवकर करून मी काय केलं ते माहीत आहे. कोजागिरीला सगळी होणार नाहीत. कॉलनीतल्या बायांना मी तसं सांगितलं, कारणासकट. एक जण म्हणाली, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. मी म्हटलं, लावूनच घ्यायचं आहे.

आणि मागच्या रविवारी मी सोनाबाईकडे गेले. हिंगणीच्या बाजूला, स्कूटरनं. म्हातारी ओट्यावर सुपात बरबटीचे, चवळीचे, दाणे निवडत होती. मी कोण ते सांगितलं. तिला तुझी बातमी आधीच कळली होती. तिनं बरबटीतून मान वर न करता विचारलं, "मंग गाने लिवले का मास्तरीन बाईनं?"

मी सांगितलं, तुमचं नाही लिहून झालं. मी तिला चुकीची मशीन लावून दिली, तिला ती चालवता आली नाही, आणि मला कळलं नाही.

"तू इचारलं नाई तिले?"

"दर रविवारी विचारत होते, आजी."

"उभ्या उभ्याच इचारलं असीन," सोनाबाई म्हणाली. रागानं नाही. बरबटीत खडा सापडावा तशी.

मी खाली बसले. तिला म्हटलं, ते गाणं आता मी लिहिते आहे, पुन्हा एकदा म्हणून दाखवता का? ती म्हणाली, आता सगळं नाही आठवत, मधलं गेलं. तेव्हा मी फोन काढला आणि 'सोनाबाई खोकली' लावलं. ती कान देऊन ऐकत राहिली. खोकल्याच्या जागी हसली. मग म्हणाली, हे कोण म्हणते, बरं म्हणते. मी म्हटलं, तुम्हीच आहात. तिला पटलं नाही, पण तिनं बंदही करू दिलं नाही. पायावर बोटांनी ठेका धरला.

दोन मिनिटं अकरा सेकंदांच्या पुढचं मीही नुकतंच ऐकायला लागले आहे. गाणं सव्वाआठ मिनिटांचं आहे. संपल्यावर लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते, आणि मग तू बोलतेस. इतकी जवळून, की रेकॉर्डर तुझ्या मांडीवर असणार. "दमल्या तुमी आजी. आता राहू द्या. मी घरी गेल्यावर निवांत आइकतो हे."

सोनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं.

"आइक बाई," ती फोनला म्हणाली. "आता तुले घाई करनारं कोनी नाई."